सोनगावकरांच्या मागोमाग: अंधेरी ते भांडुप

काशी आणि म्हैसूरच्या माझ्या प्रवासाची वर्णनं या मासिकाच्या वाचकांनी गोड मानून घेतली होती. त्या मानाने हा प्रवास म्हणजे थट्टाच आहे. अंधेरीहून निघालो आणि मढ, बोरिवली करून भांडुपला पोचलो. सामान म्हणजे एक पिशवी, एक छत्री आणि एक कोरा छापील अर्ज. तुमच्यापैकी पुष्कळ जण याच भागात राहतात. तरी मी ज्या घरांत जाऊन आलो तिथे तुम्ही गेला नसाल असं खात्रीने वाटतं, कारण पन्नाशी जवळ येईपर्यंत मीही गेलो नव्हतो.

निघण्याचं कारण आधी सांगतो.

आमची वसाहत अंधेरीला, स्टेशनपासून दहा मिनिटांवर. तीन मजली चार इमारती, मध्ये अंगण, अंगणात प्राजक्त. सहकारी तत्त्वावर बांधलेली. कुणी कुणाशी सहकार करायचा हे कुठे लिहिलेलं नाही, पण सगळ्यांना पाठ आहे. मी कॉलेजात इंग्रजी शिकवतो आणि तेव्हा या वसाहतीचा चिटणीस होतो. नवा सभासद घ्यायचा तर आमच्याकडे पाहणी असते. कमिटीतले दोघे अर्जदाराच्या राहत्या घरी जातात, चहा घेतात, देव कुठे मांडलेत, पाणी कशात भरून ठेवलंय, मुलं कशी बोलतात हे बघतात आणि येऊन ‘माणसं चांगली आहेत’ एवढं सांगतात. मुलगी बघायला जातात तसंच. फक्त इथे गाणं म्हणायला सांगत नाहीत.

तीन वर्षांपूर्वी नारायण सोनगावकरांचा अर्ज आला. आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयात ते मदतनीस होते, तिशीतले, मितभाषी. एका अमेरिकन निग्रो लेखकाची कथा फोर्टातल्या वाचनालयातून त्यांनीच मला आणून दिली होती. लेखकाचं नाव इथे लिहीत नाही, त्या नावावर मी पुरेसं मिरवून घेतलं आहे. कथेत एक सुतार आहे. एका रस्त्यावरच्या साऱ्या गोऱ्या घरांना तो खिडक्या करून देतो, पण त्या रस्त्यावर त्याला खोली मिळत नाही. शेवटी तो एक जादा खिडकी करतो, ती बसवायला भिंत नसते, आणि ती खांद्यावर घेऊन तो गावातून चालत राहतो. मी त्या खिडकीवर वर्गात तीन तास बोललो आणि नंतर याच मासिकात लेख लिहिला. खिडकी म्हणजे दृष्टी, खिडकी म्हणजे मुक्तीची ओढ, खिडकी म्हणजे आत्म्याचा झरोका. लेख गाजला. छापण्याआधी तो मी सोनगावकरांना वाचून दाखवला होता. ते म्हणाले, “सर, मला वाटतं त्याला भाड्याने खोली हवी आहे.” मी हसलो होतो.

त्यांच्या घरच्या पाहणीला मी एकटाच गेलो, दुसऱ्या सभासदाला ताप होता. परळच्या चाळीत थोरल्या भावाच्या कुटुंबासकट एका खोलीत ते राहत. वत्सलाबाईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, कांदेपोहे केले होते. मी दोनदा घेतले. अर्जात ‘ज्ञाती’ असा एक रकाना होता, तो त्यांनी कोरा ठेवला होता. आडनाव गावावरून आलेलं, बोलणं स्वच्छ, सगळ्यांनी आपलं आपलं गृहीत धरलं होतं. मग कमिटीला कळलं की ते जातीने महार आहेत. मी चिटणीस म्हणून पत्र लिहिलं: सध्या जागा शिल्लक नाही, निघाल्यास कळवू. महिन्याभरात त्यांनी कॉलेज सोडलं.

या दिवाळीनंतर अकरा नंबरचा ब्लॉक रिकामा झाला. सभासद नागपूरला गेले. पुढच्या रविवारी सभा होती, त्यात तो कुणाला द्यायचा ते ठरणार होतं. त्याआधी सोनगावकरांना शोधायचं, अर्जावर त्यांची सही घ्यायची, सभेत त्यांचं नाव मांडायचं, आणि तीन वर्षं पोटात ठेवलेली एक गोष्ट त्यांना तोंडाने सांगायची, असं मी ठरवलं.

मंगळवार, मढ

कॉलेज सोडल्यावर त्यांनी कचेरीला कळवलेला जो शेवटचा पत्ता होता तो मढचा. वर्सोव्याहून खाडी ओलांडावी लागते. ओहोटी होती, त्यामुळे होडी किनाऱ्यापासून वीस हात अलीकडेच थांबली. बाकीची माणसं टपाटप उड्या मारून गेली. मी धोतर सावरत उतरलो, एक पाय चिखलात घोट्यापर्यंत गेला आणि बाहेर आला तेव्हा अनवाणी होता. मागून रिकाम्या टोपल्या घेऊन येणारी एक कोळीण बघत उभी राहिली.

“मास्तर, एक चप्पल खाडीला दिलीस ना? आता दुसरी पन दे. ती बिचारी एकटी काय करील?”

मी दुसरी हातात घेतली आणि वाळत घातलेल्या बोंबलांच्या रांगांमधून, नाकाला उपरणं लावून, चालू लागलो. ते उपरणं बघून ती आणखी हसली.

घर सापडलं ते फिलूबायचं. कौलारू बैठं घर, पुढे चुन्याने रंगवलेला क्रूस, मागे एक खोली भाड्याची. फिलूबाय साठीची, विधवा, जातीची ख्रिस्ती आणि बोलण्यात आपल्यासारखीच मराठी. आमच्याकडे पाहुणा आला की आधी आडनाव, मग गाव, मग चटई. हिने आधी पाय धुवायला पाणी दिलं, मग बशीत गोल गोल तळलेले फुगे आणून ठेवले आणि मी चार संपवल्यावर विचारलं, “कोन पायजे तुला?”

फुगे हलके आणि किंचित आंबूस होते. कशाचे, म्हणून विचारलं.

“मैदा, अंडं, नारळाचं दूध. फुगायला थोडी ताडी.”

माझा चेहरा बघून ती म्हणाली, “आता पोटात गेल्यावर काय बघतोस? चांगले लागले ना?”

चांगले लागले होते. सोनगावकरांचं नाव काढताच तिचा आवाज खाली आला.

“दोन महिने होते इथं. पयल्या दिवशीच बोलला, बाय, आधी माझी जात सांगतो, मग खोली द्यायची तर दे. मी दिली. मला काय? पन विहीर माझ्या एकटीची नाय. विहिरीवर बाया बोलायला लागल्या. मग त्याची बायको काळोखात उठून लांबच्या झऱ्यावर जायला लागली, भांडन नको म्हनून. मग तिला दिवस गेले. पोटुशी बाई एवढं पानी कशी आननार?”

“तुम्ही त्या बायकांना काही बोलला नाहीत?”

“बोलले असते तर दुसऱ्या दिवशी माझ्या डोक्यावर घागर चढवायला कोन आलं असतं?”

भरती-ओहोटीची वेळ सांगावी तसं तिने हे सांगितलं. लपवाछपवी काही नाही. मला ती माझ्यापेक्षा बरी वाटली, आणि लगेच असंही वाटलं की असं वाटून घेणं मला सोयीचं आहे.

“तू कोन त्याचा?” तिने विचारलं.

“एका कॉलेजात होतो.”

“दोस्त?”

“हो,” मी म्हणालो.

तिच्याकडे नाताळात आलेलं एक कार्ड होतं, त्यावर बोरिवलीचा पत्ता. निघताना तिने आपल्या नवऱ्याच्या जुन्या वहाणा दिल्या. त्या मला दोन बोटं मोठ्या होत्या. पुढचे सगळे दिवस मी त्याच घालून फिरलो, फटक फटक आवाज करत.

बुधवार, बोरिवली

बोरिवलीला स्टेशनाबाहेर टांगे असतात. आपल्या अंधेरीतही होते, पण इथले घोडे अजून घाईला लागलेले नाहीत. टांगेवाल्याने वाटेत दोनदा थांबून ओळखीच्या माणसांशी गप्पा मारल्या. दोन्ही बाजूंना वाड्या, चिकूची आणि पेरूची झाडं, मधूनमधून ताड. हवा इतकी स्वच्छ की आपण हवापालटाला आलो आहोत असं वाटावं. वाटलंही मला, थोडा वेळ. लाजेची गंमत अशी की चांगल्या हवेत ती दबते.

पत्ता होता नानासाहेबांचा. निवृत्त हेडमास्तर, पांढरीशुभ्र मिशी, अंगणात आरामखुर्ची. मी नाव सांगताच ते उठून उभे राहिले.

“म्हणजे खिडकीवाले? अहो, तुमचा तो लेख मी चारदा वाचला. आमच्या मंडळात मोठ्याने वाचून दाखवला. अगं, बघ कोण आलंय,” त्यांनी आत हाक मारली. “थालीपीठं टाक.”

थालीपीठं आली, वर लोण्याचा गोळा. नानासाहेबांना माझी वाक्यंच्या वाक्यं पाठ होती. सुताराच्या शेवटाबद्दल बोलताना त्यांचे डोळे खरोखर ओले झाले. “काय हो हे गोरे लोक. एवढे सुधारलेले म्हणवतात आणि माणसाला राहायला जागा देत नाहीत. लाज कशी वाटत नाही?”

मी थालीपीठाचा तुकडा मोडत विचारलं, “तुमच्याकडे सोनगावकर म्हणून कुणी भाड्याने राहत होते का?”

“होते ना. ती बघा, मागची खोली. फार सज्जन माणूस. वाचन दांडगं. आणि खरं सांगू का, आला तेव्हा त्याने आपली जात स्वतःहून सांगितली. मी म्हटलं, अरे, तू माणूस आहेस ना? मग झालं. मी दिली खोली.” त्यांनी मिशीवरून हात फिरवला. “आता आमचं काही नाही हो. आम्ही मानत नाही. पण श्राद्धाला भटजी आले ते पाणीसुद्धा घेईनात. समोरच्या वाडीतल्या बायका हळदीकुंकवाला येईनात. हिची फार कुचंबणा व्हायला लागली.”

“मग?”

“कुणाला दुखवायचं नाही हा माझा नियम. मी त्याला म्हटलं, आमची मुलगी बाळंतपणाला येतेय, खोली लागेल. समजूतदार माणूस. आठवड्यात गेला.”

“मुलगी आली?”

“कुठली यायला? ती इंदूरला. तिची दोन्ही बाळंतपणं तिकडेच झाली.” ते हसले, आणि मी आपला माणूस आहे म्हणून जरा पुढे वाकून म्हणाले, “काहीतरी सांगावं लागतं ना.”

आतून नानासाहेबांच्या पत्नी दुसरं थालीपीठ घेऊन आल्या. त्या जवळजवळ पुटपुटल्या, “तिला आठवा महिना होता हो तेव्हा.” नानासाहेब म्हणाले, “अगं, ताक आण.”

मागची खोली मी जाऊन पाहिली. आत नारळ रचून ठेवले होते. खिडकीचं दार निखळून एका बिजागरीवर लोंबत होतं आणि ते बघून मला, खरं सांगतो, पहिल्यांदा लेखात वापरता येईल असं एक वाक्य सुचलं. ते वाक्य कोणतं ते सांगत नाही. सुचलं एवढं सांगतो, म्हणजे माझी तुम्हाला ओळख पटेल.

नानासाहेबांना मी एक शब्दही बोललो नाही. दुसरं थालीपीठही खाल्लं. त्यांनी गेटापर्यंत येऊन एका वहीत माझी सही घेतली आणि सोनगावकरांचं भांडुपचं ठिकाण सांगितलं. तिथल्या कुठल्याशा कारखान्याच्या पत्त्यावर त्यांनी एकदा सोनगावकरांची टपालाने आलेली पुस्तकं पाठवून दिली होती.

टांग्याची वाट बघत मी रस्त्याकडेच्या दगडावर बसलो आणि वरही मी लिहून गेलोय ते माझं नेहमीचं एक वाक्य मला आठवलं. ‘मग कमिटीला कळलं.’ तीन वर्षं मी हे असंच सांगत आलोय. बायकोला, कॉलेजात, स्वतःला. कमिटीला कळलं. कसं कळलं ते आता लिहितो.

पाहणी झाल्यावर सोनगावकर मला ट्रामच्या थांब्यापर्यंत सोडायला आले होते. तिथे ते म्हणाले, “सर, तो रकाना मी कोरा ठेवलाय. तुम्हाला अंधारात ठेवायचं नाही. आम्ही महार. तुम्ही म्हणाल तर अर्ज मागे घेतो.” मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालो, “अहो, मी काय तसला वाटलो?” ट्राम आली. घरी येऊन मी आंघोळ केली. डिसेंबर होता. बायकोने विचारलं तेव्हा म्हणालो, फार उकडलं. मग कपडे बदलून, कुणी न बोलावता, मी आमच्या अध्यक्षांकडे, बापूसाहेबांकडे, गेलो आणि सांगितलं. त्यांनी विचारलंही नव्हतं. कुणीच विचारणार नव्हतं. आडनाव खपून गेलं असतं. मी सांगितलं, कारण पुढे कधीतरी बाहेर आलं असतं तर ‘पाहणीला हा गेला होता’ असं लोक म्हणाले असते.

इतकंच कारण होतं. द्वेषबिष काही नव्हता. द्वेष असता तर निदान मला तो ओळखता आला असता.

शुक्रवार, भांडुप

गुरुवारी मी घरातून निघालोच नाही. पोट बिघडलंय असं सांगितलं. बायको म्हणाली, “ताडीने का अंड्याने?” मी म्हणालो, थालीपीठाने. ती हसली, आणि मी सुटलो.

भांडुपला स्टेशनाबाहेर पडलं की डोंगराच्या बाजूला कारखान्यांची धुरांडी आणि त्यांच्या मागे उतारावर चढत गेलेल्या वस्त्या. खालच्या रस्त्यावर मी एका दुकानदाराला विचारलं. त्याने नाव ऐकलं, माझ्याकडे पाहिलं आणि नुसती हनुवटी वर केली. मी चढू लागलो. मोठ्या वहाणांनी दगडगोट्यांवर चढणं ही शिक्षा असते. एका वळणावर पाय निसटून मी सरळ बसलो. नळावरच्या रांगेतली एक आजी कमरेवर हात ठेवून म्हणाली, “मास्तरांकडं आलाय व्हय? मग बसलाय कशापायी? घर वर हाय.”

घर पत्र्याचं, पण जमीन सारवलेली. दारापुढे तुळशीची कुंडी असते तिथे झेंडू लावलेला. सोनगावकर बाहेरच पाटीवर काहीतरी लिहीत बसले होते. कारखान्यात ते भांडारात कारकून आहेत आणि संध्याकाळी वस्तीतल्या मोठ्या माणसांना वाचायला शिकवतात. केस पिकलेत. मला बघून ते उठले. आश्चर्य त्यांनी दाखवलं नाही.

“या, सर. चढ फार आहे ना?”

वत्सलाबाईंनी तांब्याभर पाणी पुढे ठेवलं. माझा हात पुढे जायला जो क्षण लागला तो दोघांनाही दिसला. मी तांब्या उचलून घटाघटा प्यालो. जास्तच प्यालो. त्यांची दोन वर्षांची मुलगी माझ्या वहाणांत पाय घालून चालून बघत होती. माझ्यापेक्षा तिला त्या फार मोठ्या होत नव्हत्या, असं काहीतरी मी विनोदाने म्हणालो. कुणी हसलं नाही, पण वाईटही वाटून घेतलं नाही.

“तुमचा खिडकीवरचा लेख छापून आलेला पाहिला,” सोनगावकर म्हणाले. “कापून ठेवलाय.”

आणि मी, अशा वेळी, तिथे बसून, विचारलं, “कसा वाटला?”

“चांगला आहे. फक्त सुतार कुठे दिसत नाही त्यात.”

मग मी सुरुवात केली. घसा साफ केला, “सोनगावकर, मला तुम्हाला एक गोष्ट...”

“बापूसाहेबांना तुम्ही सांगितलंत. तीच ना?”

मी मान हलवली.

“थांब्यावर आपण दोघेच होतो, सर. घरी येऊन मी हिला म्हटलं, सरांना सांगून टाकलं, फार हलकं वाटतंय. हिने पेढे आणायला पाठवलं मला.” ते शांतपणे बोलत होते. “पत्र आलं तेव्हा लगेच नाही लक्षात आलं. पुढे एकदा अंधेरीला आलो होतो. तुमच्या इमारतीत ज्या ब्लॉकसाठी अर्ज केला होता तिथे दुसऱ्याच कुणाचे पडदे लागलेले दिसले. मग हिशोब जुळला.”

वत्सलाबाई इतका वेळ चुलीशी होत्या. त्या तिथूनच म्हणाल्या, “मला एक विचारायचंय सरांना.”

“विचार ना,” सोनगावकर म्हणाले.

“जागा देणार नव्हतात, ठीक आहे. पण ‘निघाल्यास कळवू’ कशाला लिहिलंत? घाटकोपरला ह्यांच्या मावसभावाने आपल्या माणसांच्या चाळीत खोली बघून ठेवली होती. मी म्हटलं, थांबा, सरांचं पत्र आहे, मोठी माणसं उगीच लिहिणार नाहीत. चार महिने थांबवून ठेवलं मी ह्यांना. ती खोली गेली. मग ते मढ झालं, मग बोरिवली झाली. हिच्या वेळी मला आठवा लागला होता तेव्हा सामान बांधलं.” त्यांनी भाकरी तव्यावर उलटली. “नुसतं नाही म्हणाला असतात तर बरं झालं असतं. तेवढंच एक.”

सभ्यपणा म्हणून लिहिलेली ओळ होती ती. मी तशा कित्येक लिहिल्या आहेत.

मग मी पिशवीतून अर्ज काढला. अकरा नंबरचं सांगितलं, रविवारच्या सभेचं सांगितलं. मी स्वतः नाव मांडीन म्हणालो. सोनगावकरांनी अर्ज वाचला, टाक घेतला आणि सगळे रकाने ओळीने भरले. ‘ज्ञाती’पाशी ते थांबले नाहीत. लिहिलं: पूर्वीची महार, आता बौद्ध. मागल्या वर्षी ते दीक्षेसाठी नागपूरला जाऊन आले होते.

“मंजूर होणार नाही हे मला माहीत आहे,” सही करून ते म्हणाले. “पण या खेपेला नकार द्याल तेव्हा कारण लिहून द्या. सोसायटीच्या कागदावर, दोन सह्यांचं. मला ते पत्र हवंय.”

“आणि मंजूर झाला तर?”

पहिल्यांदाच ते हसले. “झाला तर राहायला येईन की. तुम्हाला शेजार चालेल ना?”

“हो,” मी म्हणालो. किती वेळाने म्हणालो ते त्यांनी मोजलं असेल.

जेवून जा असं म्हणाले. भाकरी, लसणाची चटणी आणि वांग्याचं भरीत. आमच्या घरात पाहुण्याला वाढताना आधी मीठ, मग लिंबू, मग चटणी असा क्रम चुकला तरी बोभाटा होतो. इथे सगळं एकदम ताटात आलं आणि वत्सलाबाई पुन्हा तव्याकडे वळल्या. मी पोटभर जेवलो. घरी येऊन आंघोळ केली नाही. हे लिहायचं होतं म्हणून लिहितो. यात अभिमान वाटण्यासारखं काही नाही हे मला कळतं, आणि तरी लिहिताना थोडा वाटलाच.

रविवार, अंधेरी

सभा अंगणातच भरते, सतरंज्या घालून. अकरा नंबरसाठी दोन अर्ज होते. दुसरा आमच्याच एका सभासदाच्या साडूचा. मी सोनगावकरांचा अर्ज वाचला, तो रकाना धरून. एक जण उगीच खोकला.

मग मी ते सांगितलं. तीन वर्षांपूर्वी सोनगावकरांनी विश्वासाने मला सांगितलेली गोष्ट मी स्वतः जाऊन बापूसाहेबांना सांगितली, आणि त्याची मला लाज वाटते, असं म्हणालो.

बापूसाहेब प्रेमळपणे म्हणाले, “अहो, त्यात लाज कसली? चिटणीसाचं कामच ते. तुम्ही होतात म्हणून तर निभावलं.”

दोन-तीन माना होकारार्थी हलल्या. मी शिव्या खायला उभा राहिलो होतो. माझं कौतुक झालं.

हात वर करून मत घेतलं. सोनगावकरांच्या बाजूने माझा एकच हात. बायको बायकांच्या बाजूला बसली होती. तिने हात वर केला नाही, सभासद मी आहे. पण तिने माझ्याकडे पाहिलं, आणि नजर काढली नाही.

मी तिथेच पत्र लिहिलं. ‘आपण पूर्वीच्या महार जातीचे असल्यामुळे सभेने आपला अर्ज नामंजूर केला आहे.’ खाली सही केली आणि कागद बापूसाहेबांपुढे ठेवला. त्यांनी चष्मा लावून वाचला.

“असं लिहून कसं चालेल? कायदा आहे आता. कोर्टात खेचेल तो.”

“पण कारण हेच आहे ना?”

“कारण असणं वेगळं, लिहिणं वेगळं. अर्ज अपुरा होता असं लिहा.”

“अपुरा नव्हता. या वेळी पूर्ण होता.”

त्यांनी कागद परत माझ्याकडे सरकवला. दुसरी सही मिळाली नाही. सभेच्या वहीत काय लिहायचं ते दुसऱ्या सभासदाने लिहिलं. मी चिटणीसपद सोडलं, आणि ते कुणाला फारसं जड गेलं नाही.

सोमवार, पुन्हा भांडुप

सोनगावकर कारखान्यातून नुकतेच आले होते. मी पत्र दिलं. त्यांनी उभ्यानेच वाचलं, मग वत्सलाबाईंना वाचून दाखवलं. ‘असल्यामुळे’ या शब्दापाशी त्यांनी मान हलवली, शिक्षक बरोबर उत्तरावर हलवतो तशी.

“दुसरी सही?”

“दिली नाही.”

“कागदही साधाच आहे.”

“छापील कागद बापूसाहेबांनी ठेवून घेतले. मी राजीनामा दिला.”

“म्हणजे आता तुम्ही चिटणीस नाही.” त्यांनी थोडा विचार केला. “मग हे सोसायटीचं पत्र नाही, सर. तुमचं आहे.”

“हो.”

“काय म्हणायचंय यात? तुमच्या शेजारात मी राहू शकत नाही, कारण मी महार. खाली तुमची सही.”

मी सांगायला तोंड उघडलं की मी हात वर केला होता, मी एकट्याने. ते मला सांगता आलं नाही. वत्सलाबाई माझ्याकडे बघत होत्या. त्या त्यांच्या प्रश्नाच्या उत्तरासाठी अजून थांबल्या असाव्यात, असं मला उगीच वाटलं.

सोनगावकरांनी पत्र पाटीवर ठेवलं आणि टाक माझ्या हातात दिला.

“सहीखाली पत्ता राहिलाय. पत्र म्हटलं की पत्ता लागतो. लिहा.”

मी लिहिला. ब्लॉक नंबर सात, दुसरा मजला, वसाहतीचं नाव, अंधेरी. त्यांनी शाई वाळेपर्यंत कागद धरून ठेवला, घडी घातली आणि पत्र्याच्या पेटीत, त्या कापून ठेवलेल्या लेखाशेजारी, ठेवून दिला.

“बदलला तर कळवा,” ते म्हणाले.

त्याला आता चार महिने झाले. कळवण्यासारखं काही नाही.